अपघाताची केस आणि अग्निवीरचा फॉर्म

पत्र:

काका, नमस्कार. मी आर्णीकडचा. अग्निवीरची लेखी निघाली, ग्राउंड निघालं, मेडिकलही झालं. आता कागदपत्रं आणि पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं. हातात जो फॉर्म आहे त्यात विचारलं आहे की तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला चालला का, कोर्टानं दंड केला का, सध्या एखादी केस चालू आहे का. इथंच अडलो.

२०२३ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. मी बारावीत होतो. बाबांच्या मोटारसायकलवर आठवडी बाजारातून परत येत होतो, अंधार पडला होता. फाट्यावर वळताना एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला धडक बसली. त्यांचा पाय मोडला. दारू-बिरू काही नव्हती, मी पीतच नाही. पोलीस आले, गाडी ठाण्यात नेली. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, सह्या घेतल्या आणि सोडलं. बाबांनी त्यांच्या घरी जाऊन दवाखान्याचा खर्च दिला, कापूस विकून. आमचं काही म्हणणं नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहूनही घेतलं. पुढं कोणी बोलावलं नाही. शिवाय गाडीवर हेल्मेटचे, ट्रिपल सीटचे चलान आहेत, भरलेले नाहीत. त्यातले काही लहान भावाचे असतील. तो अकरावीत आहे आणि तीच गाडी घेऊन कॉलेजात जातो.

मोठे काका म्हणतात, ‘मिटलेलं काहून उकरून काढतं? काहीच लिहू नको.’ पोलीस पाटील आमच्या भावकीतले आहेत, दाखला चांगलाच देतील. तालुक्याला एक जण म्हणतो, पैसे दे, व्हेरिफिकेशन क्लिअर करून आणतो. आई म्हणते, खरं लिही. काय करू?

उत्तर:

बेटा, तुझी आई बरोबर आहे. लिहायचं. पण नेमकं काय लिहायचं ते तुझ्या पत्रावरून सांगता येत नाही. तुझ्यावर कोणती कलमं लागली, प्रकरण कोर्टात गेलं की ठाण्यातच राहिलं, हे पत्रात कुठंच नाही. मला वाटतं, ते तुला ठाऊकच नाही, आणि बाबांनाही नसेल. आपल्याकडं अपघात झाला की दोन्हीकडची चार माणसं बसतात, दवाखान्याचे पैसे ठरतात, चहा होतो आणि सगळे मोकळे होतात. ठाण्यात नोंदलेला गुन्हा त्या बैठकीनं संपत नाही. त्याचं पुढचं काम चालूच राहतं, आपल्याला कोणी कळवो न कळवो.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षं ठाण्यात गोपनीय अंमलदार होतो. सैन्यात, सीआरपीएफमध्ये लागलेल्या पोरांचे पडताळणीचे कागद घेऊन गावोगाव जाणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. तेव्हा हा कागद फिरतो कसा ते आधी ऐक, म्हणजे मोठ्या काकांचं कुठं चुकतं ते तुझं तुलाच कळेल.

पडताळणीचा नमुना सैन्याकडून जिल्ह्याला येतो. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जिल्हा विशेष शाखा असते, आम्ही तिला डीएसबी म्हणतो. तिथून तो तुझ्या ठाण्याला येतो. गोपनीयचा माणूस तो हातात घेतो आणि गावात जायच्या आधी, खुर्चीतून न उठता, तुझं नाव सीसीटीएनएसवर टाकून बघतो. देशभरातली ठाणी जोडणारं हे संगणकाचं जाळं आहे. नाव, बापाचं नाव आणि गाव टाकलं की अपराध क्रमांक येतो, कलमं येतात, तपास कोणाकडं होता तेही येतं. एका गावात एकाच नावा-आडनावाची दोन पोरं निघाली तर वय आणि पत्ता ताडून बघायचा, रजिस्टर काढायचं. हे झाल्यावर मग गावात येणं, पोलीस पाटील, सरपंच, शेजारीपाजारी. आणि पानठेला. पोरगं कसं आहे हे पानठेल्यावर जितकं खरं कळतं तितकं दाखल्यावरून कधी कळत नाही, असं माझं आपलं मत.

तेव्हा पोलीस पाटलाच्या दाखल्याला किंमत आहे, पण ठाण्याचं रेकॉर्ड त्यानं पुसलं जात नाही. भावकीतल्या माणसानं ‘याच्यावर कोणताही गुन्हा नाही’ असं लिहून दिलं आणि तिकडं अपराध क्रमांक निघाला, तर तुझ्यासोबत तोही अडकला. पोलीस पाटलाचं पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखालचं आहे. गावात काय घडतं ते पोलिसांना कळवणं हेच त्याचं काम. त्यालाच खोटं लिहायला लावणं म्हणजे त्याची खुर्ची धोक्यात घालणं. त्यापेक्षा ‘मुलगा वागणुकीनं चांगला आहे, २०२३ साली त्याच्या हातून अपघात झाला होता’ असं त्यानं लिहिलं तर तुझं काही बिघडत नाही.

आता अपघाताकडं येऊ. बाबांना जवळ बसव आणि दोघं मिळून आठवा. त्या म्हाताऱ्या बाबांना कोणत्या दवाखान्यात नेलं होतं? सरकारी दवाखान्यात अपघाताचा रुग्ण आला की तिथून ठाण्याला लेखी खबर जाते. पाय मोडलेला, पोलीस जागेवर आलेले, गाडी ठाण्यात नेलेली. एवढं सगळं झाल्यावर गुन्हा नोंदला नसेल असं मला तरी वाटत नाही. दुसरं, गाडी परत कशी मिळाली? ठाण्यातून चावी दिली, की वकील लावून कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा गाडी हजर करीन असं लिहून देऊन, सोडवली? सुपुर्दनामा झाला असेल तर प्रकरण कोर्टापर्यंत पोचलेलं आहे. बाबांना तारीख आठवणार नाही, पण वकिलाला दिलेले पैसे ते विसरले नसतील.

आणि तिसरं, दुसऱ्या दिवशी सह्या कशावर केल्यास?

या सह्यांपायी मी चांगली चांगली पोरं गोत्यात आलेली पाहिली आहेत. ‘साहेब, मला अटक नव्हती झाली, फक्त सह्या घेतल्या,’ असं अगदी मनापासून सांगायची, आणि खोटंही बोलत नसायची. होतं काय, की बेदरकारपणे वाहन चालवल्याचं २७९, त्यात कोणी जखमी झाल्याचं ३३७, गंभीर जखमी झाल्याचं ३३८, ही भारतीय दंड संहितेची तिन्ही कलमं जामीनपात्र. लॉकअपमध्ये टाकायची वेळ सहसा येत नाही. अंमलदार टेबलावरच अटकेचा फॉर्म भरतो, अंगावरच्या खुणा लिहितो, नातेवाइकाला कळवल्याची नोंद घेतो, जामीनदाराची सही घेतो आणि माणूस जेवायला घरी जातो. पण कागदावर त्याला अटक झाली आणि जामिनावर सुटका झाली. दुसरा प्रकार असा की अटक न करता नोटीस देऊन सोडतात. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते कलम ४१-अ. पहिल्या प्रकारात ‘कधी अटक झाली का’ याचं उत्तर ‘होय’ आहे. दुसऱ्यात ‘नाही’. त्या दिवशी तू घाबरलेला होतास, तेव्हा आठवणीवर विसंबू नको. ठाण्यात जाऊन विचार.

एफआयआर काढायला तर ठाण्यातही जावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली आदेश दिल्यापासून नाजूक स्वरूपाचे गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून तुझा शोध. मोठ्या काकांनाही दाखव. जी गोष्ट कोणीही मोबाईलवर उघडून वाचू शकतो ती सैन्यापासून लपवायची आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला बरं वाटेल. अपराध क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या तालुक्याचं कोर्ट निवडून तोच क्रमांक आणि साल टाक. केस असेल तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे त्या खटल्याचा ओळख क्रमांक येईल आणि पुढची तारीखही दिसेल. मग कोर्टात नकलेचा अर्ज. प्रमाणित नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी.

एक बारीक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात याच गुन्ह्यांना २८१ आणि १२५ ही नवी कलमं आहेत. तुझा अपघात २०२३ चा, त्यामुळे एफआयआरवर जुनीच कलमं असणार. फॉर्म भरून देणारा हुशारी करून नवी कलमं टाकेल, टाकू देऊ नको. एफआयआरवर जे आहे तेच, तसंच.

आता प्रकरण कुठं अडलेलं असू शकतं? कदाचित दोषारोपपत्र गेलंच नसेल. नुसतं २७९ आणि ३३७ असेल तर कोर्टानं दखल घ्यायची मुदत एक वर्षाची, ३३८ असेल तर तीन वर्षांची. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत, म्हणजे तुझ्यावर ३३८ असण्याचीच शक्यता जास्त. मुदत उलटली तरी कोर्ट उशीर माफ करू शकतं, तेव्हा हा हिशेब वकिलाला करू दे. कदाचित पोलिसांनी समरी, म्हणजे प्रकरण बंद करावं असा अहवाल, पाठवली असेल आणि कोर्टानं ती मंजूर केली असेल, तर उत्तमच, त्या आदेशाची नक्कल काढ. मला भीती आहे ती तिसऱ्या शक्यतेची. दोषारोपपत्र गेलं, समन्स निघालं, ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही, आणि तू इकडं पहाटे चारला डांबरी रस्त्यावर धावतोस तर तिकडं तुझ्या नावापुढं ‘आरोपी गैरहजर’ लागतंय. असं असेल तर फॉर्मचं नंतर, आधी वकील घेऊन कोर्टात हजर हो.

स्टॅम्पपेपर फेकू नको, पण त्याच्यावर फार भिस्तही ठेवू नको. जखमी माणसाच्या संमतीनं ३३७ आणि ३३८ कोर्टापुढं मिटवता येतात. २७९ मिटवता येत नाही, कारण रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं हा एकट्या त्या बाबांविरुद्धचा गुन्हा नाही. तडजोडीवर संपूर्ण एफआयआर रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करावा लागतो. तसे आदेश होतात, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं. तुझ्या हातात वेळ कमी आहे. त्यामुळे तालुका कोर्टातच, निवडीचं पत्र जोडून, प्रकरण लवकर चालवावं असा अर्ज देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. छोटा खटला असतो, न्यायाधीशांनाही तो निकाली काढायचाच असतो.

इथं एक खड्डा आहे, त्यात पोरं हमखास पडतात. कोर्टात गेल्यावर कोणीतरी कानात सांगतं, ‘गुन्हा कबूल कर, हजार रुपये दंड भर, आजच मोकळा होशील.’ पोरगं कबूल करतं, दंड भरतं, पावती खिशात घालून खुशीत घरी येतं. त्यानं त्या दिवशी दोषसिद्धी घेतलेली असते. आता फॉर्ममधल्या ‘कोर्टानं दंड केला का’ आणि ‘दोषी ठरवलं का’ या दोन्ही प्रश्नांना ‘होय’ लिहावं लागतं, आणि तेही पुढच्या प्रत्येक फॉर्मवर. तारीख वाचवण्यासाठी हे करू नको. पुराव्यात काही दम नसेल तर खटला चालवून निर्दोष सुटणं बरं. चूक तुझीच होती आणि कबूलच करायचं असेल तर वकिलाला १९५८ च्या परिवीक्षा कायद्याबद्दल विचार, इंग्रजीत प्रोबेशन म्हणतात तो. त्याखाली कोर्टानं समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागत नाही. झालेली गोष्ट त्यानं पुसली जात नाही आणि सैन्य ती विचारात घेऊ शकतं, पण साध्या कबुलीपेक्षा तू कितीतरी बऱ्या जागी उभा असशील.

आणि तुझं वय? ‘बारावीत होतो’ एवढंच लिहिलं आहेस. शाळा सोडल्याचा दाखला काढ आणि अपघाताच्या दिवशी तुला अठरा पूर्ण झाली होती का ते बघ. बारावीतली बरीच पोरं त्या सुमारास अठराच्या आतच असतात. झाली नसतील तर वर लिहिलेलं बरंचसं तुला लागू नाही. मग तुझं प्रकरण बाल न्याय मंडळापुढचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की अशा मुलाला दोषसिद्धीमुळं येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं सीआयएसएफच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात हीच बाजू घेतली. पण तेव्हा ठाण्यात वय चुकून जास्त लिहिलं गेलं असेल आणि केस साध्या कोर्टात गेली असेल, तर जन्माचा पुरावा देऊन ते आधी दुरुस्त करून घ्यावं लागेल. तशा स्थितीत फॉर्ममध्ये काय आणि किती लिहायचं हे वकिलाला कागद दाखवूनच ठरव. अठरा पूर्ण नव्हती म्हणजे लायसन्सही नव्हतं, हेही आलंच.

अठरा पूर्ण होती असं धरून फॉर्ममध्ये लिहायचं ते असं. ‘होय. दिनांक अमुक रोजी अमुक फाट्यावर मी चालवत असलेल्या मोटारसायकलची सायकलस्वारास धडक बसून ते जखमी झाले. अमुक पोलीस ठाणे, अपराध क्रमांक अमुक/२०२३, कलम २७९, ३३८ भारतीय दंड संहिता सहकलम १८४ मोटार वाहन कायदा. प्रकरण अमुक न्यायालयात, खटला क्रमांक अमुक, प्रलंबित किंवा अमुक तारखेस निकाली. एफआयआर व न्यायालयाच्या आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.’ संपलं. सायकलला दिवा नव्हता, समोरून कापसाची ट्रॉली आली होती, हे कोर्टात सांग. फॉर्ममध्ये नको. तिथं माफी मागू नको आणि रडगाणंही नको.

आता तू म्हणशील, खरं लिहिलं म्हणजे घेतीलच का? तसा शब्द मी देणार नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात या विषयाची बरीचशी उकल केली. माहिती खरी दिली पाहिजे. क्षुल्लक प्रकरण दडवलं असेल तर ते पोटात घालण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं तरी तुमची पार्श्वभूमी तपासून निर्णय घ्यायचा अधिकारही त्यालाच आहे. प्रलंबित खटला ही तुझी सगळ्यात मोठी अडचण, म्हणून तर कोर्टाच्या अर्जाची घाई कर म्हणतो.

लपवलं तर मात्र काय होतं ते स्पष्ट आहे. भरतीच्या वेळी प्रश्नाचं जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ४४ खाली गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. पडताळणीचा अहवाल काही वेळा पोरगं ट्रेनिंगला गेल्यावर पोचतो. केस कापलेले, वर्दी अंगावर, आईनं गावभर पेढे वाटलेले, आणि मग सेंटरवरून परत. मग दुसरीकडं अर्ज करायचा तरी तोच प्रश्न. पोलीस भरती, एसआरपीएफ, पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावतीची किंवा जवाहरनगरची आयुध निर्माणी, सगळीकडं हेच विचारतात. एका फॉर्मवर ‘नाही’ आणि दुसऱ्यावर ‘होय’ असं झालं की दोन्ही गेले.

सैन्याला तुझ्या सायकलवाल्याशी काय देणंघेणं, असंही वाटू शकतं. त्यांना तीन गोष्टी बघायच्या असतात. हा पितो का, बेफिकिरी याची सवय आहे की एकदाच घडलं, आणि अडचणीचं विचारलं तर हा खरं बोलतो का. उद्या तुझ्या हाती वायरलेस येईल, नकाशे येतील. दडवलेली गोष्ट ज्याच्याकडं असते त्याला ती उघडी पाडायची धमकी देऊन दाबता येतं, म्हणून लपवाछपवी त्यांना अपघातापेक्षा जास्त खुपते. दारू नव्हती ही तुझी मोठी जमेची बाजू. दारू पिऊन गाडी चालवल्याचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ असतं तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं. ते जागेवर दंड भरून मिटतच नाही, कोर्टातच जावं लागतं.

चलानचं सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोडीचा दंड भरला की ते तिथंच संपतं. तो काही कोर्टानं केलेला दंड नाही आणि दोषसिद्धीही नाही. न भरलेली चलानं मात्र पुढं लोकअदालतीच्या नोटिशीपर्यंत, कोर्टापर्यंत जातात. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून सगळं त्यांच्या नावानं. गाडीचा नंबर टाकून ऑनलाइन बघा, सगळी भरा आणि पावत्या ठेवा. फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न असेल तरच लिही. तोंडी विचारलं तर सरळ सांग, होती, भरली.

तालुक्याचा तो पैसेवाला माणूस काहीच करत नाही. ज्यांचं सगळं स्वच्छ असतं त्यांचं आपोआप होतं आणि हा म्हणतो मी केलं. ज्यांचं अडतं त्यांचे पैसे बुडतात. पडताळणीला कोणी अंमलदार पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

राहिला तुझा लहान भाऊ. तू जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. अकरावीतला पोरगा गिअरची गाडी घेऊन कॉलेजात जातो. त्याच्या हातून उद्या अपघात झाला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ लागेल. त्यात गाडीचा मालक, म्हणजे तुझे बाबा, दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. भरतीच्या वयात लायसन्स नसलेलं पोरगं ड्रायव्हरच्या जागेला तर मुकतंच. चलान भरायला बाबांसोबत बसशील तेव्हाच हे त्यांच्या कानावर घाल, आणि गाडीची चावी त्याच दिवशी भावाकडून घे. कॉलेजला जायला एसटीचा पास आहे.